भट्टी आपली, इंधन कोणाचे?

घरचे बी आणि विकतचे बी यांतला भेद चुडाव्याच्या शेतकऱ्यास समजावून सांगण्याची गरज नाही. संकरित कापसाचे बी दरसाल दुकानातून आणावे लागते. ते वेळेवर मिळाले नाही तर जमीन कितीही काळीभोर असो, पेरणी खोळंबते. आपल्या देशातील अणुशक्तीचा इतिहास पाहू लागलो की आम्हांस हाच भेद पदोपदी आढळतो.

४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बे येथे 'अप्सरा' ही पहिली अणुभट्टी सुरू झाली. बांधणारे अभियंते आपले. इंधन मात्र ब्रिटनचे. पुढे तारापूर आले. पश्चिम भारत कोळशाच्या मोठ्या खाणींपासून दूर, म्हणून हा समुद्रकाठ निवडला गेला. १९६३ साली अमेरिकेशी करार झाला व ऑक्टोबर १९६९ मध्ये तेथील वीज रीतसर मिळू लागली.

नैसर्गिक युरेनियमात सहज भंगणारा अंश शेकडा पाऊणही नसतो. तारापूरच्या त्या दोन भट्ट्यांना हा अंश वाढवलेले, म्हणजे समृद्ध, युरेनियम लागते, आणि ते अमेरिकेने पुरवावयाचे होते. १९७४ साली पोखरणचा स्फोट झाला. १९७८ साली अमेरिकेने कायदा केला : आपली सर्व अणुकेंद्रे तपासणीस खुली न करणाऱ्या देशास इंधन नाही. करार तीस वर्षांचा होता, हे येथे ध्यानात घ्यावे! अखेर १९८२ साली फ्रान्सशी बोलणी जुळली. पुढे चीन व रशिया यांचेही इंधन घ्यावे लागले.

डॉ. होमी भाभांची मूळ योजना निराळी होती. प्रथम नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या भट्ट्या. त्यांतून निघणाऱ्या प्लुटोनियमवर दुसऱ्या, ज्या जाळतात त्याहून अधिक इंधन निर्माण करतात. आणि शेवटी केरळच्या वाळूतील थोरियम. तारापूरची तिसरी व चौथी भट्टी (२००५-०६) पहिल्या प्रकारची आहे. पण देशातले युरेनियमही अपुरे पडले, आणि २००८ च्या सुमारास अशा कित्येक भट्ट्या अर्ध्यामुर्ध्या शक्तीने चालवाव्या लागल्या. दुसऱ्या प्रकारच्या मोठ्या भट्टीचे काम कल्पाक्कम येथे २००४ साली आरंभले. तिचा गाभा भरण्यास प्रारंभ झाला तो मार्च २०२४ मध्ये. इतका विलंब आम्हांस खटकतो.

२०४७ पर्यंत एक लक्ष मेगावॅट अणुवीज निर्माण करण्याचा सरकारचा संकल्प आहे. त्यात जैतापूरच्या नियोजित सहा फ्रेंच भट्ट्यांचा वाटा ९,९०० मेगावॅटचा धरला आहे. त्यांनाही समृद्ध युरेनियमच लागणार.