राजाभोवतीची पाने

कार्तिक शुद्ध प्रतिपदेला आपण बलिप्रतिपदा म्हणतो, पाडवा म्हणतो. पण तिचे आणखी एक नाव आहे, द्यूतप्रतिपदा. या दिवशी शंकर-पार्वती सारीपाटावर बसली आणि पार्वतीने डाव जिंकला, अशी कथा आहे. देवांनीच एवढी मुभा दिल्यावर माणसे मागे कशी राहतील? वर्षभर पोरांच्या हातात पत्ते दिसताच डोळे वटारणारी वडीलधारी मंडळीही पाडव्याच्या दुपारी फराळाची ताटे बाजूला सारून सतरंजीवर बसतात. मग मेंढीकोट रंगतो, झब्बू रंगतो आणि घरातली सर्वांत धाकटी सून सासऱ्यांवर बिनदिक्कत कोट चढवते.

पण अलीकडे या सतरंजीच्या एका कोपऱ्यात निराळाच डाव मांडलेला दिसतो. पुण्याहून दिवाळीला येणारा माझा भाचा जपानी चित्रांचे पत्ते घेऊन येतो. त्यांत बदाम नाही, इस्पिक नाही; आग ओकणारे सरडे आणि विजेचे उंदीर आहेत. हा पोकेमॉनचा खेळ १९९६ साली जपानात निघाला. त्याच्या आधी तीन वर्षे, १९९३ साली, अमेरिकेतल्या रिचर्ड गारफील्ड नावाच्या गणिताच्या अभ्यासकाने ‘मॅजिक’ नावाचा असाच खेळ रचून या प्रकाराला आरंभ केला होता. या खेळांची गंमत अशी की, जोड तयार मिळत नाही. खेळणाऱ्याने तो स्वतः जुळवायचा. भाचा मला म्हणाला, “मामा, हे माझे आवडते पान. बाकीची सगळी याच्यासाठी घेतली आहेत.” मी पाने मोजली. साठ होती. शक्तीची मूळ पाने सोडली, तर एका नावाची पाने चारांहून अधिक घेता येत नाहीत, असा नियम. म्हणजे आवडते पान फार तर चार वेळा घ्यायचे आणि उरलेली छप्पन्न पाने त्याच्या सेवेला लावायची. कोणी त्याला हातात आणून देणारे, कोणी त्याला बळ पुरवणारे, कोणी त्याच्यावरचा घाव आपल्यावर घेणारे.

ही नव्या पिढीची नवी खुळे आहेत, असे म्हणून पुष्कळ जण मोकळे होतील. इतिहास मात्र तसे म्हणू देत नाही. आवडते पान निवडावे आणि त्याच्याभोवती सारा जोड रचावा, हा उद्योग आपल्या देशात चारशे वर्षांपूर्वी एका बादशहाने केला, पुढे एका राजाने केला, आणि त्या दोघांपेक्षा शहाणपणाने आपल्याकडच्या साध्या माणसांनी केला. त्या खेळाचे नाव गंजिफा.

गंजिफाची पहिली खात्रीलायक नोंद आपल्याकडे बाबराच्या आत्मचरित्रात सापडते. १५२७ साली त्याने सिंधमधल्या शाह हसनकडे गंजिफाचा एक जोड धाडला. शाह हसनला या खेळाची भारी आवड होती. हिंदुस्थान जिंकून वर्ष उलटते न उलटते तो हा मनुष्य मित्राला पत्ते पाठवतो, यावरून पत्त्यांचे वेड केवढे जुने आहे ते ध्यानी यावे. मोगली गंजिफाचा रूढ जोड ९६ पानांचा. आठ रंग आणि प्रत्येक रंगाची बारा पाने: एक राजा, एक वजीर आणि एकपासून दहापर्यंत. रंगांची नावे ऐकली म्हणजे दरबारच डोळ्यांपुढे येतो: ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात, किमाश. म्हणजे मुकुट, रुप्याचे नाणे, तलवार, चाकर, वाद्य, सोन्याचे नाणे, हुकूमनामा आणि माल. राज्य चालायला जे जे लागते ते ते या पेटीत होते.

अकबराच्या काळची हकिकत अबुल फजलाने ‘आईन-इ-अकबरी’त दिली आहे. त्यात प्रथम एका जुन्या बारा रंगांच्या जोडाचे वर्णन येते. बारा रंग, बारा-बारा पाने, एकूण १४४. पहिला रंग अश्वपतीचा, म्हणजे दिल्लीच्या घोडेस्वार राजाचा. दुसरा गजपतीचा, म्हणजे हत्तींच्या धन्याचा; तो ओडिशाचा राजा. तिसरा नरपती, ज्याचे बळ पायदळात, तो विजापूरचा. आपला दख्खन पत्त्यांच्या पेटीत शिरला तो असा, पायी चालत! त्यापुढे गडपती, धनपती, दलपती, नवपती, मग स्त्रियांचे, देवांचे, असुरांचे, वनातल्या पशूंचे राज्य, आणि शेवटी सापांचा राजा अहिपती.

हा जोड बादशहाने बदलला. धनपतीच्या रंगात राजा द्रव्य वाटतो आहे, वजीर खजिना तपासतो आहे आणि खालची दहा पाने नुसते ठिपके नाहीत, तर खजिन्याची आणि टांकसाळीची माणसे आहेत. धातू वितळवणारा आहे, वजन करणारा आहे, नाणी पाडणारा आहे. इतर रंगांतही त्याने आपल्या कारखान्यांतले कारागीर आणि कारकून असेच बसवले. माझ्या भाच्याला ही गोष्ट कोणी समजावून सांगावी लागणार नाही. राजा हे आवडते पान खरे; पण नाणी पाडणारा नसेल तर तो वाटणार काय? आवडते पान एकट्याच्या बळावर डाव जिंकत नाही. ते त्याच्याभोवतीच्या पानांच्या बळावर जिंकते.

पुढे हा खेळ दरबारांतून गावांत उतरला, तेव्हा लोकांनी त्यातली आवडती पानेच बदलून टाकली. ताज आणि शमशेर यांच्याशी गावच्या माणसाचे नाते किती असणार? त्याने पेटीत दशावतार आणले. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कल्की असे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, एकूण १२०. राजाच्या जागी खुद्द अवतार बसला आणि वजिराचा प्रधान झाला. त्यातही प्रत्येक मुलखाने आपला जीव जिथे जडला होता त्याला जागा करून दिली. ओडिशात नवव्या अवताराच्या पानावर जगन्नाथ आला. आपल्याकडेही जुन्या पंचांगांत आणि काही देवळांच्या शिल्पांत नवव्या जागी कटेवर हात ठेवून विठोबा उभा असलेला दिसतो. आवडते पान घालायचेच, आणि गणित तर मोडू द्यायचे नाही. दहाचे अकरा होऊ न देता लोकांनी ही युक्ती काढली.

दशावतारी गंजिफाचा डाव तिघांचा. प्रत्येकाला चाळीस पाने. यात आपल्या पत्त्यांसारखा हुकूम नसतो. ज्या रंगाचे पान पडले त्याच रंगाचे वरचढ पान हात घेते. राजा पडून गेला की प्रधान वरिष्ठ, प्रधान गेला की त्याखालचे पान. तेव्हा १२० पानांपैकी कोणती पडली आणि कोणती उरली हे ध्यानात ठेवणाऱ्याचाच हा खेळ आहे. पण मला सर्वांत मोह पडतो तो त्याच्या दोन नियमांचा.

पहिला नियम असा. दिवसा खेळ मांडला तर ज्याच्या हाती रामाचा राजा असेल त्याने आरंभ करायचा. दिवे लागल्यावर मांडला तर ज्याच्या हाती कृष्णाचा राजा असेल त्याने. भर माध्यान्ही जन्मलेल्या रामाला दिवस दिला आणि मध्यरात्री जन्मलेल्या कृष्णाला रात्र. घरात एक रामभक्त आणि एक कृष्णभक्त असला तरी भांडण नाही. सूर्यानेच निवाडा करून ठेवला आहे.

दुसरा नियम याहून खोल आहे. दहा रंगांपैकी निम्म्या रंगांत दहाचे पान मोठे आणि एकाचे सर्वांत लहान. उरलेल्या निम्म्यांत नेमके उलटे. तिथे राजा आणि प्रधान यांच्या पाठोपाठ मान एकाचा, आणि दहा बिचारा सर्वांच्या तळाशी. एका रंगात ज्याला कोणी पुसत नाही, तो दुसऱ्या रंगात नव्वांना भारी पडतो.

आता याच्या शेजारी म्हैसूरचा नमुना ठेवून पाहू. मुम्मडी कृष्णराज वडियार (१७९४ ते १८६८) यांच्या हातून १८३१ साली इंग्रजांनी राज्यकारभार काढून घेतला. मोकळ्या झालेल्या बुद्धीने या रसिक राजाने कला आणि खेळ यांत मन घातले. ‘श्रीतत्त्वनिधी’ या त्यांच्या प्रचंड ग्रंथाचा कौतुकनिधी नावाचा भाग खेळांना वाहिलेला आहे, आणि त्यात त्यांनी रचलेल्या गंजिफांची वर्णने आहेत. म्हैसूरकरांची कुलदेवता चामुंडेश्वरी. तिच्या नावाचा जोड ३२० पानांचा. स्वतः राजाच्या नावाचा कृष्णराज छद तर ३६० पानांचा! भक्ती खरी, चित्रे देखणी, कल्पना विशाल. पण ३६० पाने हातात धरणार कोण, आणि ध्यानात ठेवणार कोण? ते जोड राजवाड्याबाहेर फारसे रुळले नाहीत. आवडत्या पानाच्या मानासाठी परिवार इतका वाढला की, खेळणाऱ्याला बसायला जागाच उरली नाही. ज्याच्या हातचे राज्य गेले त्याने पत्त्यांत तरी भरगच्च दरबार भरवावा, यातले कारुण्य मला कळते. तरी पण खेळ म्हणून टिकला तो १२० पानांचा दशावतार.

तो आपल्याकडे नांदला मुख्यतः सावंतवाडीला. तिसरे खेम सावंत यांच्या कारकिर्दीत (१७५५ ते १८०३) तेलंगणातून आलेल्या विद्वानांकडून हा खेळ तिथे पोहोचला आणि चितारी मंडळींनी तो रंगवायला घेतला, असे सांगतात. चिंचोक्याची खळ, गोल कापलेली पाने, बारीक कुंचल्याची चित्रे, वर लाखेचा लेप आणि ठेवायला रंगीत पेटी. श्रीमंतांसाठी हस्तिदंती, बारीक कामाचे ‘दरबार कलम’. सामान्यांसाठी साध्या हाताचे ‘बाजार कलम’. पुढे विलायती धर्तीचे छापील, स्वस्त, बावन्न पत्ते आले आणि हाताने रंगवलेल्या १२० पानांचे दिवस भरले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला जाणणारे पुंडलिक चितारी वृद्ध झाले होते. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून ती शिकून घेतली, राजवाड्यात चित्रकार बसवले, स्वतः कुंचला धरला. सत्वशीलादेवी २०१८ साली गेल्या. पण कला वाचली.

कला वाचली, खेळाचे मात्र तसे म्हणवत नाही. आज गंजिफा लोक हौसेने विकत घेतात आणि काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर लावतात. खेळता येणारी माणसे शोधावी लागतात. भिंतीवर राम दिवसाही तसाच आणि रात्रीही तसाच. कृष्णाची पाळी तिथे कधी येत नाही.

आमचा मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्याच राज्यातल्या निर्मळ गावीही गंजिफा रंगत असे. तेव्हा हा खेळ आम्हांला अगदीच परका नाही, असे मनाशी म्हणत गेल्या साली मी वर्गात एक प्रयोग केला. जुन्या लग्नपत्रिकांचे पुठ्ठे वाटीने आखून गोल कापले, १२० केले आणि मुलांना सांगितले, दहा रंग तुम्ही ठरवा. मुलांनी बैल घेतला, ज्वारीचे कणीस घेतले, विठोबा तर घेतलाच. एका मुलाने कोयता घेतला. बीड जिल्ह्यातल्या वाचकांना याचा अर्थ सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. दिवाळीच्या सुमारास आमच्याकडची हजारो कुटुंबे ऊस तोडायला साखर कारखान्यांच्या मुलखात जातात, आणि तिथे ‘एक कोयता’ म्हणजे नवराबायकोची जोडी. त्या मुलाचा राजा म्हणजे बाप, प्रधान म्हणजे डोक्यावर मोळी घेतलेली आई. खाली गाडी, कोपी, तीन दगडांची चूल. आपला रंग उलट्या क्रमाचा हवा म्हणून तो अडून बसला. म्हणाला, “गुरुजी, एक कोयता म्हणजे दोन माणसं. त्यो दहापेक्षा जड.”

दिवाळीनंतर तो आईबापांबरोबर गेला. जाताना आपली बारा पाने दप्तरात घेऊन गेला. मीही अडवले नाही. आमचा डाव अडला असे नाही. उरलेली १०८ पाने तिघांत छत्तीस-छत्तीस सारखी वाटता येतात. पण बारा पाने घेऊन दूर कोपीत बसलेल्या पोराला कोणता डाव मांडता येणार? आवडत्या रंगाची पाने सगळी हाती असून खेळ नाही, कारण बाकीचे रंग इकडे राहिले. आणि इकडे आम्ही खेळत होतो, पण कोयत्याचा रंग नसलेला खेळ. गुढीपाडवा उलटल्यावर तो परत आला. दोन पाने ओलीने फुगली होती. मुलांनी ती तशीच जोडात घातली आणि १२० मोजून घेतली.

गंजिफा रचणाऱ्या आपल्या पूर्वजांना हेच कळले होते, असे मला वाटते. आपले आवडते पान प्रत्येकाने पेटीत घालावे. त्यात संकोच नको. मात्र त्याच्या सेवेला लावलेल्या पानांचीही चित्रे तितक्याच मायेने काढावीत, दिवस मावळला की आरंभाचा मान दुसऱ्याला द्यावा, आणि एखाद्या रंगात एकाला दहापेक्षा मोठे करावे. घरातल्या मुलांना या पाडव्याला थोडे पुठ्ठे आणि एक वाटी द्या. दहा रंग त्यांचे त्यांना ठरवू द्या. संध्याकाळ झाली, अंगणात पणत्या लागल्या, म्हणजे कृष्ण कोणाकडे आहे एवढे विचारा आणि डाव सुरू करा.