तुकोबारायांचे चौदा टाळकरी

एकट्याच्या टाळाने भजन उभे राहत नाही. जगद्गुरू श्रीतुकाराम महाराजांनाही साथीदार लागलेच. महाराजांचे गुरू श्रीबाबाजी चैतन्य यांची समाधी आपल्याच जुन्नर तालुक्यात ओतूर येथे आहे, म्हणून हा इतिहास ओझरकरांना परका नाही.

महाराजांचे चौदा टाळकरी सांप्रदायिक परंपरेत प्रसिद्ध आहेत. नामावली मात्र थोडीफार निरनिराळी आढळते. ही मंडळी एका गावची नव्हती, एका जातीचीही नव्हती. चाकणचे संताजी जगनाडे तेलाचा घाणा चालवीत. तेच पुढे अभंग उतरवून घेणारे झाले. कडूसचे गंगाधरपंत मवाळ हेही लेखणी धरणारे. लोहगावचे शिवबा कासार कीर्तनात रमले, तेव्हा खुद्द त्यांच्या घरातूनच विरोध झाला, असे जुनी चरित्रे सांगतात. वाघोलीचे रामेश्वर भट्ट तर आरंभी कडवे विरोधक. अभंगांच्या वह्या ज्यांच्यामुळे इंद्रायणीत गेल्या, तेच पुढे टाळ घेऊन मागे उभे राहिले. केवळ गोड गळा पाहून माणसे निवडली असती तर असा मेळ जमताच ना.

१६५० साली महाराजांचे निर्वाण झाले. १६८५ मध्ये त्यांचे पुत्र नारायण महाराज यांनी पालखी सोहळा सुरू केला. त्या वाटेवर टाळकऱ्यांच्या दिंड्या आजही चालतात.