घरात आलेले काम आणि सुट्टीचा हक्क

घरून काम करणाऱ्यांना आज मिळणाऱ्या सल्ल्यांचा सूर बहुतेक एकच असतो: वेळ ठरवा, लॅपटॉप वेळेवर मिटा, स्वतःला शिस्त लावा. यात वावगे काही नाही; पण महाराष्ट्रातल्या कामगारांचा इतिहास वेगळे सांगतो. इथे सुट्टी कोणाला स्वतःच्या शिस्तीच्या बळावर मिळालेली नाही. ती सगळ्यांसाठी एकदम ठरली तेव्हाच मिळाली. घरी बसून काम करणाऱ्यांसाठी ती तशी कधी ठरलीच नाही, म्हणून त्यांच्या वाट्याला ती नीट आलीही नाही.

मुंबईच्या गिरण्यांत १८८० च्या दशकात काम उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत चाले. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने तासांची मर्यादा घातली ती फक्त ७ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी: दिवसाला नऊ तास आणि महिन्याला चार सुट्ट्या. मोठ्यांसाठी अशी मर्यादा नव्हती. सत्यशोधक चळवळीतले कार्यकर्ते आणि ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सरकारने नेमलेल्या फॅक्टरी आयोगापुढे ठेवले. दर रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, अशा त्यातल्या मागण्या होत्या. मालकांच्या बाजूने सांगितले जाई की कामगार मधूनमधून बाहेर जाऊन विडी ओढतो, सणावारी घरी राहतो, मग ठरलेली सुट्टी कशाला? लोखंडे यांनी मागणी सोडली नाही. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली आणि पुढच्याच वर्षी साप्ताहिक सुट्टी कायद्यात आली. ही सुट्टी टिकली, कारण गिरणीचा दरवाजा सगळ्यांसाठी एकाच दिवशी बंद राहू लागला. रविवारी जास्त राबून दुसऱ्याच्या पुढे जायची सोयच उरली नाही, आणि मागे पडण्याची भीतीही.

ज्या कामाला दरवाजाच नव्हता, तिथे हे साधले नाही. सोलापूर, सिन्नर, अहिल्यानगर इथल्या विडी कामगार बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या घरूनच काम केले आहे. तेंदूची पाने भिजवायची, कात्रीने मापात कापायची, मग मांडीवर सूप घेऊन तंबाखू भरायची, विडी वळायची, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांवर, म्हणून हात थांबला की कमाई थांबली. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणारीलाही कामगार मानले आणि वीस दिवसांच्या कामामागे एक दिवसाची पगारी रजा ठेवली. रजेच्या पगारासाठी तिचा ‘दिवस’ मोजायची रीतही त्यात होती: मध्यरात्रीपासूनच्या चोवीस तासांत कितीही वेळ काम झाले, तरी तो कामाचा एक दिवस. घरातले काम मोजता येत नाही, ही सबब या एका व्याख्येने निकालात काढली. मात्र आठवड्यातून एक दिवस पूर्ण बंद ठेवण्याचा नियम कारखान्याच्या जागेपुरताच राहिला. घराला तो लागू झाला नाही.

यावर म्हटले जाईल की घरून काम करणारा आपल्या सोयीने काम करतो, हेच त्याचे स्वातंत्र्य आहे. सोय खरी आहे आणि ती जपायलाच हवी. पण काम केव्हा करायचे हे ठरवता येणे वेगळे आणि काम थांबवता येणे वेगळे. विडी वळणारी बाई दुपारी स्वयंपाक करू शकते, पण तेवढ्या विड्या तिला रात्री वळाव्या लागतात. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: संगणकावर काम करणाऱ्या पगारदाराची तुलना तिच्याशी करणे अन्यायाचे नाही का? मिळकत, प्रतिष्ठा, नोकरी बदलण्याची ताकद, सगळ्यातच दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो विसरता कामा नये. साम्य एकाच ठिकाणी आहे. दोघांच्याही कामाची जागा मालकाने घराकडे ढकलली आणि थांबण्याची जबाबदारी एकेकट्यावर टाकली. मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर हिंजवडीच्या आयटी पार्कमधले काम पुण्यातल्या घराघरांत आले, तेव्हा संगणकावर काम करणाऱ्यांनाही हाच अनुभव आला.

म्हणून उपाय काम देणाऱ्याच्या बाजूने सुरू व्हायला हवा. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून मोठ्या कंपन्यांना कामाबाहेरच्या वेळेत संपर्कापासून दूर राहण्याच्या हक्कावर कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींशी बोलणी करावी लागतात. भारतात सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये याच हक्काचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते. घरून काम करणाऱ्या कामगारांबद्दलचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९९६ चा करार मात्र भारताने अजून स्वीकारलेला नाही. विश्रांती ही कामगाराच्या संयमाची परीक्षा नसून काम देणाऱ्याचे कर्तव्य आहे, हे लोखंडे यांच्या पिढीने गिरणीपुरते मान्य करून घेतले. तेच घरून काम करणाऱ्यांसाठी मान्य करून घ्यायचे, तर तेही एकेकट्याने नव्हे, संघटित होऊनच करावे लागेल. आणि त्यात विडी वळणारीचा हक्क आधी धरावा लागेल, कारण ती सगळ्यांत जास्त काळ वाट पाहत थांबली आहे.