तारकर्लीत राहायचं कुठे, जेवायचं कुठे? एका साध्या प्रश्नाचा इतिहास

"आंगणेवाडीच्या जत्रेला चाललोय, तारकर्लीत राहायची सोय होईल का?" जत्रा जवळ आली की ओळखीपाळखीतून मला हा फोन हमखास येतो. माझं पीएच.डी.चं काम तारकर्लीच्या किनाऱ्यावर, वाळूत वाढणाऱ्या वनस्पतींवर आहे. त्यामुळे लोकांना वाटतं, हिला तिथलं सगळं माहीत असणार.

आधी सरळ उत्तर देते. आंगणेवाडी मालवण तालुक्यात मसुरे गावात येते. भराडी देवीच्या जत्रेची तारीख तिथीवर ठरत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते. म्हणून ती जाहीर झाली की लगेच खोली बघा. मालवणात लॉज आहेत. मालवणहून देवबागकडे जाणाऱ्या रस्त्यावर तारकर्लीत पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे आणि दोन्ही बाजूंना घरगुती होमस्टे आहेत. जेवण घरातच मिळतं: भात, भाकरी किंवा वडे, माशाची कढी, सोलकढी. आदल्या रात्री सांगून ठेवा, म्हणजे सकाळी बाजारातून तेवढंच मासळी येते. जून आणि जुलैमध्ये यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, तेव्हा ताज्या सुरमईचा हट्ट धरू नका.

सोयीचं उत्तर एवढंच. पण याच प्रश्नाने माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात मला तोंडघशी पाडलं. तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल, तर ती गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे.

एक वाक्य आणि "कशावरून?"

अभ्यासक्षेत्राची ओळख करून देताना मी लिहिलं होतं, "कोकणी माणसाच्या शतकानुशतकांच्या आतिथ्य-परंपरेतून तारकर्लीची होमस्टे संस्कृती उभी राहिली." वाक्य छान वाटत होतं, पर्यटनाच्या माहितीपत्रकांत असतं तसं. गाइडनी त्याखाली पेन्सिलने एकच शब्द लिहिला: कशावरून?

आपण विज्ञानवाले झाडाचं नाव नमुना तपासल्याशिवाय लिहीत नाही. इतिहासाचं वाक्य मात्र बिनधास्त लिहून टाकतो. मग मी ते वाक्य एखाद्या गृहीतकासारखं समोर ठेवलं आणि त्याचे तीन तुकडे केले. घर पाहुण्यांना उघडं होतं का? असलं तर कुणाला? आणि पैसे घेऊन का? तीन वेगळे प्रश्न, तिन्हींना पुरावेही वेगळे लागतात.

घर उघडं होतं का?

इथे पहिली अडचण कागदाची. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी-सावंतवाडीचा दहावा खंड १८८० चा. तेव्हा मालवण रत्नागिरी जिल्ह्यात होतं. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये झाला. गॅझेटियर हे सरकारी कामाचं पुस्तक. त्यातून बंदरं, रस्ते, व्यापार कळतो, पण कुणाच्या पडवीत कोण झोपलं हे त्यात येणार नाही. ते मोजायची सरकारला गरजच नव्हती. म्हणजे नोंद नाही याचा अर्थ पाहुणा नव्हता असा होत नाही.

मोठ्या तीर्थक्षेत्रांचं तसं नाही. नाशिकला गेलेला यात्रेकरू आपल्या घराण्याच्या क्षेत्रोपाध्यायाकडे जायचा आणि त्याच्या वहीत कुटुंबाची नावं उतरायची. तिथे राहण्याजेवण्याच्या व्यवहाराला निदान एक लेखी बाजू आहे. मालवणच्या किनाऱ्यावर घरी उतरलेल्या पाहुण्याची अशी वही मला मिळाली नाही.

मग प्रवाशांनी स्वतः लिहिलेलं बघायचं. विष्णुभट गोडसे कोकणातल्या वरसईचे. दक्षिणेच्या आशेने उत्तरेला निघाले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. त्यांचं 'माझा प्रवास' उठावासाठी वाचलं जातं. पण वाटेत कुठे उतरलो, काय मिळालं, कुणी आसरा दिला, यासाठीही वाचून बघा. आणि कोणती आवृत्ती हातात आहे ते आधी पाहा. १९०७ ची आवृत्ती चिं. वि. वैद्यांनी संपादित केलेली आहे, तर मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी काढलेली आवृत्ती १९६६ ची. उतारा घ्यायचा तर हा फरक माहीत हवा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी असं नोंदवलं: हो, लोक एकमेकांकडे उतरत होते.

पण कुणाला?

इथे माझं वाक्य डळमळायला लागलं. गोडसे भटजींना ज्या घरांत पाट मांडला जाई, तिथे प्रत्येकाला मांडला गेला असता का? डॉ. आंबेडकर परदेशातून शिकून बडोदा संस्थानाच्या नोकरीत आले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी असल्याचं सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. ओळख कळल्यावर काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तिथून बाहेर काढलं. हे त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवलंय. पंढरपुरात गाडगे महाराजांनी चोखामेळ्याच्या नावाने वेगळी धर्मशाळा उभारली आणि १९४९ मध्ये ती आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. यात्रेला आलेल्या सगळ्यांना सगळीकडे पथारी टाकता येत असती, तर अशा धर्मशाळेची गरज काय होती?

आपल्या किनाऱ्याच्या जवळचं उदाहरण रत्नागिरीचं. १९३३ मध्ये सावरकरांनी तिथे अखिल हिंदू उपाहारगृह सुरू केलं, कुठल्याही जातीच्या हिंदूने एकत्र बसून खावं म्हणून. एका चहाच्या दुकानासाठी मुद्दाम चळवळ करावी लागत होती. ज्यासाठी चळवळ करावी लागते, ती गोष्ट आधीपासून रूढ नसते. हा अप्रत्यक्ष पुरावा, पण भक्कम. पुढे १९५० च्या राज्यघटनेत अनुच्छेद १५ मध्ये उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा मुद्दाम उल्लेख आला, तोही याच कारणाने.

आणि हे सगळं जुनं झालं असं समजू नका. पहिल्या फील्डवर्कला मी एकटी गेले, तेव्हा किनाऱ्यावरच्या एका शहरातल्या लॉजवर मला विचारलं गेलं, "सोबत कोण आहे?" कोणी नाही म्हटल्यावर खोली शिल्लक नव्हती. संध्याकाळचे सात वाजले होते. रिक्षावाल्या काकांनी तारकर्लीतल्या एका घरी आणून सोडलं. तिथल्या आजीने दारातच विचारलं, "खंयची गो तू?" मग आडनाव विचारलं. मग पाणी दिलं. त्या वेळी मला फक्त हायसं वाटलं होतं. आडनावाचा प्रश्न मी वहीत लिहिला तो बऱ्याच नंतर.

पैसे घेऊन?

त्याच आजीला पुढे मी विचारलं, तुमच्याकडे पूर्वीपासून पाहुणे राहतात का? ती हसली. "पावणे येयत. पण पैशे घेवन जेवूक घालूचा? लाज वाटायची माका."

हे वाक्य माझ्या प्रकरणातल्या वाक्याच्या बरोबर उलट होतं. तिच्या लेखी पैसे घेणं हे परंपरेचं पुढचं पाऊल नव्हतं, तर परंपरा मोडणं होतं.

मौखिक मुलाखतीत सन विचारून फारसा उपयोग होत नाही, कारण लोकांच्या आठवणी सनावर टांगलेल्या नसतात. ओळखीच्या घटना विचारा. "रेल्वे यायच्या आधी की नंतर?" कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्गावर सुरू झाली. सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला १९९७ मध्ये. आजी म्हणाली, रेल्वेच्या नंतर, धाकट्याच्या लग्नाआधी. लग्नाची पत्रिका फ्रेममागे खोचलेली होती. तारीख मिळाली.

पैसे घेऊन घरगुती जेवण घालण्याची रीत मात्र कोकणी माणसाला नवीन नव्हती. ती त्याने पाहिली होती मुंबईत. गिरणगावात खोलीत दहा-वीस जण राहायचे, पाळीपाळीने झोपायचे आणि महिन्याच्या हिशेबाने खानावळीत जेवायचे. अशा कितीतरी खानावळी बाया आपल्याच चुलीवर चालवत. किराण्यासाठी सावकाराच्या व्याजात अडकलेल्या या बायांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. परकी माणसं, ठरलेला दर, घरचीच चूल, राबणारी बाई. होमस्टेच्या स्वयंपाकघरात आज हेच दिसतं.

मग होमस्टे खानावळीतून जन्मला असं लिहायचं का? मला तो मोह झाला होता. पण आपल्याकडे फड्या निवडुंगही निवडुंग आणि त्रिधारी निवडुंगही निवडुंग. फड्या मूळचा अमेरिकेचा, खरा कॅक्टस. त्रिधारी युफोर्बियाच्या कुळातला, मोडला की पांढरा चीक येतो. दिसायला भाऊ वाटतात, पण नातं नाही. सारख्या परिस्थितीत सारखं रूप येऊ शकतं. वंश सांगायचा तर मधल्या कड्या दाखवाव्या लागतात: मुंबईत खानावळ चालवून परतलेली आणि मग खोल्या काढलेली घरं. अशी घरं हाती येईपर्यंत मी "साम्य" लिहिते, "उगम" नाही.

एवढा कीस का काढायचा?

कारण "परंपरा" या शब्दात कष्ट लपतात. त्या घरी पहाटे पाच वाजता वाटण लावणारी सून आहे. आतिथ्य आमच्या रक्तातच आहे असं म्हटलं की तिचं काम हे काम राहत नाही, स्वभाव होतो. स्वभावाचा दर कोण लावणार? आणि दार पूर्वीपासून सगळ्यांना उघडं होतं असं लिहिलं, की ज्यांना ते बंद होतं ती माणसं आपण दुसऱ्यांदा बाहेर ठेवतो, या वेळी कागदावर.

माझं वाक्य आता असं आहे: "तारकर्लीतली सशुल्क घरगुती निवासव्यवस्था, मुलाखत घेतलेल्या कुटुंबांत, १९९० च्या दशकाच्या अखेरीनंतर सुरू झालेली दिसते, ती प्रामुख्याने घरातल्या स्त्रियांच्या श्रमावर चालते." पहिल्या वाक्याइतकं गोड नाही. गाइडनी यावेळी पेन्सिल उचलली, "प्रामुख्याने" खाली रेघ मारली आणि विचारलं, किती तास? म्हणून पुढच्या फेरीला वहीत तासांचा रकाना आखून नेतेय.

तुम्ही जत्रेला गेलात तर राहा जरूर अशा घरात. जेवून झालं की सहज विचारा, ही खोली कधी बांधली, रेल्वेच्या आधी की नंतर? आणि निघताना भाव पाडू नका.