डावीकडे समुद्र, उजवीकडे ऊस

सप्टेंबर १५९८. तुम्ही एका उपसागराच्या काठावर उभे आहात आणि या बेटाला अजून मॉरिशस हे नाव मिळालेलं नाही. आबनुसाचं दाट रान डोंगरावरून थेट पाण्यापर्यंत उतरलंय. समोर पाच डच जहाजं नांगरली आहेत. होड्यांतून उतरणाऱ्या खलाशांची वाट अडवणारं इथे कोणीच नाही, कारण या बेटावर माणूस कधी वसलेलाच नाही. पक्षी हाताच्या अंतरावर येऊन बसतात. तुम्ही हात पुढे केलात तरी उडत नाहीत, कारण माणसाला भ्यायचं असतं हे त्यांना ठाऊकच नाही.

झुडपांतून एक जाडजूड, राखाडी पक्षी डुलत बाहेर येतो. चोच आकड्यासारखी, पंख नावापुरते. हा डोडो. त्याचं अंडं जमिनीवरच असतं. जहाजांतून उंदीर उतरतील, माणसांबरोबर डुकरं आणि माकडं येतील, आणि ती अंडी त्यांच्या तोंडी जातील. १६६२ नंतर डोडो पाहिल्याची खात्रीची नोंद सापडत नाही. व्हान वारवाइक हा या आरमाराचा म्होरक्या बेटाला आपल्या राजपुत्राचं, मॉरिसचं, नाव देतो. पुढे १६३८ मध्ये डच इथे वस्ती करतात, आबनूस तोडतात, जावाहून हरणं आणि ऊस आणतात आणि १७१० मध्ये सगळं सोडून निघून जातात. ऊस मात्र मागे राहतो.

आता गाडीत बसा. फेर्नीजवळच्या या किनाऱ्यापासून बेटाच्या दक्षिण टोकाला वळसा घालून पश्चिमेला जाणारा हा रस्ता एका दिवसात आरामात होतो. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात. समुद्र डावीकडे ठेवायचा, म्हणजे चुकायला होत नाही. वर्षं मात्र क्रमाने येणार नाहीत. जिथे थांबाल, तिथला काळ तुम्हाला गाठेल.

पहिला थांबा माएबूर. २३ ऑगस्ट १८१०, संध्याकाळ. बेट एव्हाना फ्रेंचांचं आहे आणि तुम्ही गावकऱ्यांच्या गर्दीत धक्क्यावर उभे आहात. खाडीत चार इंग्रज फ्रिगेटी शिरल्या आहेत, पण पाण्याखालच्या प्रवाळाचा अंदाज त्यांना आलेला नाही. एकामागून एक जहाज खडकात रुततं आणि फ्रेंच तोफा त्यांच्यावर आग ओकतात. दारूचा धूर घशात जातो. पुढच्या काही दिवसांत दोन जहाजं इंग्रज स्वतःच पेटवून देतात, उरलेली दोन शत्रूच्या हाती पडतात. पॅरिसच्या विजयकमानीवर कोरलेला नेपोलियनच्या काळातला एकमेव आरमारी विजय तो हाच.

गावाबाहेरच्या दगडी हवेलीत डोकवा. फ्रेंच सेनानी द्युपेरे आणि एक डोळा गमावलेला इंग्रज कप्तान विलोबी, दोघांवर याच एका घरात उपचार चालू आहेत. हवेली आज संग्रहालय आहे आणि तिच्यासाठी अर्धा तास नक्की काढा. फ्रेंचांचा विजय काही टिकला नाही. नोव्हेंबरअखेर इंग्रजांची मोठी फौज बेटाच्या उत्तरेला उतरली. तिच्यात हिंदुस्थानातले शिपाई होते आणि तिचा सेनापती होता मुंबई सैन्याचा प्रमुख, जॉन ॲबरक्रॉम्बी. डिसेंबरच्या सुरुवातीला फ्रेंचांनी बेट सोडून दिलं. तहात मात्र रहिवाशांचे कायदे, चालीरीती आणि धर्म राखले गेले. इंग्रजांनी दीडशे वर्षं राज्य केलेल्या या देशात आजही पाट्यांवर फ्रेंच आणि तोंडात क्रेओल का, याचं उत्तर त्या तहात आहे.

माएबूरच्या बाजारात डाळपुरी घ्या. वाटलेली चणाडाळ भरलेली मऊ पोळी, आत पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ आणि चटणी, वर कागदाची गुंडाळी. ती खात पुढे निघा. आता रस्ता समुद्र सोडून आत शिरतो आणि दोन्ही बाजूंना ऊस लागतो.

इथे गाडी थांबवा. प्रेक्षणीय स्थळाची पाटी इथे नाही. उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे, घराएवढे ढीग दिसतात. त्यांतल्या एकाजवळ जा. दगड आपल्या सह्याद्रीसारखाच, ज्वालामुखीतला बेसाल्ट. सच्छिद्र, खडबडीत, तळहात सोलून काढणारा. ढीग नीट रचलेला आहे. मोठे धोंडे खाली, त्यांच्या फटींत लहान दगड बसवलेले. हात लावलात की वर्ष बदलतं.

१८५० च्या आसपासची पहाट. तुमच्या डोक्यावर चुंबळ आहे, चुंबळीवर दगड. जमीन उसाखाली आणायची तर आधी दगड वेचायला हवेत, आणि ते वेचायला यंत्र नाही. आधी हे काम गुलामांनी केलं. गुलामगिरी जाणार हे दिसू लागताच मळेवाल्यांनी हिंदुस्थानाकडे पाहिलं. २ नोव्हेंबर १८३४ ला ‘ॲटलास’ जहाजातून पहिले ३६ मजूर कलकत्त्याहून पोर्ट लुईला उतरले. त्यांच्यामागून पुढच्या काही दशकांत साडेचार लाखांवर माणसं आली. करार पाच वर्षांचा, सुरुवातीला पगार महिना पाच रुपये. एक दिवस खाडा केला तर दोन दिवसांचा पगार कापायचा, असा मळ्यांचा शिरस्ता.

शेजारचा गडी हळूच विचारतो, ‘‘तुमी खंयचे?’’ तो वेंगुर्ल्याकडचा आहे. मुंबई बंदरातून निघालेल्या जहाजांनी रत्नागिरी, मालवण, सावंतवाडी या बाजूची माणसं इथे आणली. तुम्ही उत्तर देता तेवढ्यात मुकादमाची हाक येते आणि दोघंही पुन्हा वाकता. आज यंत्रांनी यातले बरेच ढीग उपसून टाकले आहेत. जे उरले आहेत, त्यांना मी या बेटावरचं सगळ्यात खरं स्मारक मानतो. त्यांच्यावर कोणाचंही नाव नाही आणि त्यातला एकेक दगड कोणीतरी उचललेला आहे.

सुईयाकला रस्ता पुन्हा समुद्राला भेटतो. बेटाला बहुतेक सगळीकडे प्रवाळाचं कुंपण आहे. म्हणून तर किनाऱ्यालगतचं पाणी शांत आणि फिकट निळं असतं. ग्रिग्रीच्या कड्यापाशी ते कुंपण तुटतं. हिंदी महासागर कुठेही न अडता कड्यावर येऊन आदळतो आणि बोलणं ऐकू येत नाही. कड्यापासून लांब उभे राहा, पाण्यात उतरण्याचा विचारही नको.

पुढे रस्ता अगदी लाटांच्या काठाने जातो. माकोंदेच्या खडकाला तो चिकटून वळसा घालतो तिथे भरतीच्या वेळी तुषार काचेवर येतात. बे द्यू कापला थांबा. डिसेंबर १८०३. एक गळकं, छोटं जहाज आडोशाला येतं. त्यावरचा मॅथ्यू फ्लिंडर्स नुकताच ऑस्ट्रेलियाला प्रदक्षिणा घालून त्याचा किनारा नकाशावर आणून परततो आहे. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात पुन्हा युद्ध पेटल्याचं त्याला माहीत नाही. गव्हर्नर दकां त्याला अडकवून ठेवतो ते साडेसहा वर्षं. एका खंडाचा आकार जगाला दाखवणारा माणूस या एवढ्याशा बेटावर बंदी राहिला. किनाऱ्यावर त्याचं स्मारक आहे.

आणि मग समोर उभा राहतो ल मोर्न. समुद्रात घुसलेल्या भूशिरावर ५५६ मीटरचा सरळसोट कातळ. पायथ्याला पंचतारांकित हॉटेलं, निळ्या पाण्यावर पतंगाच्या ओढीने पळणाऱ्या फळ्या. तिकडे पाठ करा आणि कड्याकडे पाहा.

तुम्ही आता अठराव्या शतकाच्या अखेरीला, रात्री, त्या कड्याच्या घळीत आहात. तुमच्यासोबतची माणसं मोझांबिक, मादागास्कर, काही तर हिंदुस्थानातूनही विकून आणलेली. मळ्यातून पळाली आणि इथे चढून आली. पकडलं तर काय होतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. १७२३ च्या फ्रेंच हुकुमानुसार पहिल्यांदा पळाल्यास कान कापून खांद्यावर डाग, दुसऱ्यांदा पायाची शीर तोडायची, तिसऱ्यांदा मरण. म्हणून इथे कोणी मोठ्याने बोलत नाही. खालच्या पडावांची आग दिसते, वरची दिसू द्यायची नसते.

१ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी संपली. भरपाई म्हणून सुमारे वीस लाख पौंड मिळाले ते मालकांना. गुलामांना रोख काहीच मिळालं नाही, उलट आणखी काही वर्षं त्याच मळ्यांवर ‘शिकाऊ’ म्हणून राबावं लागलं. लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की मुक्तीची बातमी द्यायला शिपाई वर चढले, तेव्हा ते पकडायला आले असं समजून कड्यावरच्या माणसांनी खाली उड्या घेतल्या. २००८ मध्ये युनेस्कोने ल मोर्नला जागतिक वारसा म्हटलं, ते या पळून आलेल्या माणसांसाठी. संध्याकाळी किनाऱ्यावर सेगा नाच सुरू असेल तर थांबा. वादक राव्हान हे वाद्य आगीजवळ धरतो, बकऱ्याचं कातडं तापून ताणलं जातं, तो बोटाने टिचकी मारून कान लावतो आणि पुन्हा आगीशी नेतो. सूर लागेपर्यंत त्याला घाई नसते. हे वाद्य आणि हा नाच याच गुलामांनी घडवला.

ल मोर्नवरून उत्तरेला वळलात की उजवीकडच्या डोंगरात शामारेलची सातरंगी माती आहे. वेळ असेल तर बघा. पण अंधार पडायच्या आत कास्कावेलला पोचा. उसाच्या रानातलं हे गाव मराठी वस्तीचं म्हणून ओळखलं जातं. आता वर्ष आजचं आहे. घराघरांत बोलणं क्रेओलमध्ये चालतं, तरी मुलं शाळेत मराठी शिकतात. बरीच आडनावं म्हणजे जहाजातून उतरलेल्या आज्या-पणज्यांची पहिली नावं, कारण कारकुनाने नोंदवहीत तेवढंच टिपलं. गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते. कोकणातली जाखडी इथे झाकरी या नावाने अजून नाचली जाते.

मॉरिशसला जाणारे आपले बहुतेक लोक हॉटेल, होडी आणि किनारा एवढंच पाहून परततात. ते सगळं सुंदरच आहे. पण या बेटावरची प्रत्येक बागायत, प्रत्येक बांध, प्रत्येक काळी भिंत कोणीतरी बाहेरून आणलेल्या माणसाने उभी केली आहे, आणि त्यांत आपल्या कोकणातलेही हात आहेत. तेव्हा सहलीतला एक दिवस या रस्त्यासाठी राखून ठेवा. उसातल्या दगडांच्या ढिगापाशी गाडी थांबवा. आणि कास्कावेलला कोणी भेटलं, तर पहिला नमस्कार मराठीत करा.