खामगावचा भाव आणि हिमनगाचे टोक

इंग्रजी बोलणाऱ्यांत वावरले की त्या भाषेचे वाक्प्रचार आपोआप तोंडी बसतात, असे सर्रास मानले जाते. संभाषणाच्या शिकवण्या याच समजुतीवर चालतात. बुलढाणा जिल्ह्याचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास मात्र उलटी साक्ष देतो. इथल्या माणसाची इंग्रजीशी गाठ पडली बाजारात. पण तिचे वाक्प्रचार त्याच्यापर्यंत पोचले ते कागदावरून, आणि तेही मराठी कपडे घालून.

आधी बाजार पाहू. 1853 च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि खामगावच्या पेठेचे दिवस पालटले. जलंबहून खामगावला जाणारा जेमतेम 13 किलोमीटरचा रेल्वेफाटा. पण 1870 मध्ये तो खुला करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले, यावरून कापसाचा तोरा कळावा. (खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते, बुलढाण्यात आले ते 1905 मध्ये.) 1870 मध्येच समुद्राखालच्या तारेने मुंबई इंग्लंडला जोडली गेली आणि लिव्हरपूलच्या भावाची हालचाल वऱ्हाडात लवकर कळू लागली. एवढ्या घसटीतून बोलीने काय उचलले? जीन, प्रेस, टेसन. सगळी नामे. सरकी काढणारे वाफेचे यंत्र नवे होते, त्याला नाव हवे होते. बायामाणसे ‘जिनात’ कामाला जाऊ लागली. भावाची गोष्ट वेगळी. भाव आपला चढत होता, पडत होता, बाजार बसत होता. तेजी-मंदी हे शब्द हाताशी होतेच. इंग्रज सटोडिये ज्यांना बैल आणि अस्वल म्हणत, ती दोन्ही जनावरे खामगावच्या बोलीत शिरली नाहीत. वस्तू परकी होती म्हणून तिचे नाव घेतले. लोभ आणि धास्ती घरचीच होती, त्यासाठी उसने बोलणे कशाला घ्यायचे?

आता कागद. मेहकर असो की मोताळा, शाळकरी पोर अर्ज लिहिते तेव्हा शेवटी ‘आपला आज्ञाधारक विद्यार्थी’ असते, बाप बँकेला लिहितो तेव्हा ‘आपला विश्वासू’. दोन्ही इंग्रजी पत्रलेखनाचे शब्दशः उतारे आहेत. ज्याला इंग्रजीचे एक अक्षर येत नाही तोही ते बिनदिक्कत लिहितो. हे वळण पडले मुंबई-पुण्याकडे, मोल्सवर्थ-कँडींच्या 1847 च्या इंग्रजी-मराठी कोशाच्या आणि भाषांतरित क्रमिक पुस्तकांच्या काळात. 1874 मध्ये निबंधमाला सुरू करणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजी वळणाच्या मराठीवर कोरडे ओढले, पण ओघ थांबला नाही. पुढे वर्तमानपत्रांनी तो गावोगाव नेला. विषयावर प्रकाश टाकणे त्यातलेच. सयामचा पांढरा हत्ती तर इंग्रजीच्या पाठीवर बसून वऱ्हाडात आला आणि आता ग्रामपंचायतीच्या बंद पडलेल्या नळयोजनेलाही ते नाव मिळते. सगळ्यांत गमतीचे हिमनगाचे टोक. मे महिन्यात मलकापूर-शेगावकडे डांबर पाघळते, तरी तिथला वाचक घोटाळ्याच्या बातमीत ते टोक वाचतो आणि अडखळत नाही.

यावर कुणी म्हणेल, ‘गाडी रुळावर येणे’ हा वाक्प्रचार रेल्वेने दिला की नाही? रूळ दिले, हे खरे. पण तसे म्हणायला इंग्रजी ऐकावी लागत नाही, घसरलेली गाडी एकदा पाहिली की पुरे. ‘फिल्डिंग लावणे’ हे तर नुसत्या उसन्या नामावर उभे राहिलेले अस्सल इथले बोलणे. बदलीसाठी लावलेली फिल्डिंग साहेबाला समजावूनच सांगावी लागेल. बोली नाम घेते आणि वाक्प्रचार स्वतः घडवते, असाच याचा अर्थ. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: मग पुस्तकी शिक्षणच बरोबर ठरले ना? अर्धे ठरले. मराठीतून इंग्रजीत आणि उलट असे उतारे करायला लावणारी द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आज हेटाळली जाते, पण इंग्रजीचे ज्ञान मराठीच्या वाटेने येते हे तिने नीट ओळखले होते. वर्तमानपत्र वाचणाऱ्या मुलाला परीक्षेच्या यादीतले कितीतरी वाक्प्रचार मराठीतून आधीच ठाऊक असतात. ते परके म्हणून घोकायला लावणे हा वेळेचा अपव्यय आहे. मात्र कागदावरून आलेल्या शब्दाला कागदाचा वास राहतो. अर्जातले ‘आपला विश्वासू’ कुणी चहा पिताना म्हणत नाही, आणि यादीतले कोणते इंग्रजी बोलणे टपरीवर चालेल व कोणते फक्त उत्तरपत्रिकेत, हे यादी सांगत नाही.

तिचा आवडता नमुना मुसळधार पावसाचा: इंग्रजीत म्हणे मांजरे आणि कुत्री पडतात. प्रत्यक्ष बोलण्यात खुद्द इंग्रजही हल्ली तो क्वचितच वापरतात. आणि घाटावरच्या तालुक्यांत चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, शेताची वाट बंद होते, तेव्हा माणसे एवढेच म्हणतात की झड लागली. यादीत तिच्यासाठी काही नाही.