उपळसरी, रूट बिअर आणि जिभेची साक्ष

आजच्या विषयाच्या नावात 'बिअर' आहे म्हणून आमच्या दोन-तीन माळकरी मित्रांनी यावं की नाही याचा बराच विचार केला म्हणे. ते आले आहेत, त्यांचे आधी आभार. निर्धास्त बसा. रूट बिअर ही बिअर नव्हे. झाडांच्या मुळ्या आणि साली यांच्या अर्कात साखर व वायू मिसळून केलेले ते गोड, काळपट, फेसाळ पेय आहे.

ही शंका काही फक्त देवणीतच आली असे नाही. 1876 साली फिलाडेल्फियाच्या मोठ्या प्रदर्शनात चार्ल्स हायर्स नावाच्या औषधविक्रेत्याने हे पेय लोकांपुढे मांडले. गृहस्थ स्वतः दारूच्या विरोधातला. त्याच्या मनात 'मुळ्यांचा चहा' असे नाव होते, पण खाणकामगार चहा कशाला विकत घेतील, म्हणून 'बिअर' झाले, असे सांगतात. नाव खपले आणि तेच अंगाशी आले. 1895 साली अमेरिकेतल्या दारूबंदीवादी स्त्रियांच्या संघटनेने त्यावर बहिष्कार पुकारला. घरोघरी लोक यीस्ट घालून हे पेय आंबवत, त्यात किंचित मद्यार्क निघायचाच. तो पावात निघतो तितपतच, हे पटायला तीन वर्षे गेली.

म्हणजे बघा, घोट घशाखाली उतरण्याआधीच निकाल लागलेला होता. आपल्याकडे 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा समोर आला, आणि टिळक-रानडे यांच्यासारख्यांवर ग्रामण्य झाले. त्या चहात साखर किती होती, दूध कसे होते, हे कोणी विचारले? चवीचा इतिहास लिहायचा तर जीभ त्यात फार उशिरा येते.

आता आपल्या मुळीकडे येऊ. अमेरिकेतल्या जुन्या रूट बिअरचा प्राण म्हणजे सासाफ्रास नावाच्या झाडाची मुळी. ते झाड इकडे नाही. आपल्याकडे आहे ती उपळसरी, म्हणजेच अनंतमूळ; संस्कृतात सारिवा. माळावर, बांधावर, झुडपांच्या आधाराने सरपटणारी बारीक वेल. पाने अशी की कोणी वळून पाहणार नाही. कधीकधी मधोमध पांढरट रेघ असते, तीच ओळख. आपल्या तालुक्याची सीमा ओलांडली की कानडी मुलुख, थोडे पुढे तेलंगण. तेलुगूत हिला सुगंधी म्हणतात, तमिळमध्ये नन्नारी. दक्षिणेत नन्नारीचे सरबत गाड्यावर मिळते. मदुराईच्या प्रसिद्ध जिगरठंड्यातही ते घालतात. मराठीत मात्र ही मुळी काढ्याच्या पुडीत अडकून पडली. इंग्रजांनाही ती औषध म्हणूनच भावली. परदेशी सार्सापरिलाला पर्याय म्हणून 1864 च्या ब्रिटिश फार्माकोपियात तिची नोंद झाली. पुण्यात अर्देशीर 1884 पासून, मुंबईत ड्यूक्स 1889 पासून सोडा आणि सरबते बाटलीत भरत होते. आले, लिंबू, रासबेरी सगळे बाटलीत गेले आणि प्रसिद्ध झाले. आमच्या बाजारात गोटी सोडा आला. हायरम कॉड या इंग्रजाने 1872 मध्ये पेटंट घेतलेली ती बाटली, आतल्या वायूच्या दाबानेच गोटी तोंडाशी घट्ट बसते. उपळसरी काही आमच्या गोटीखाली आली नाही. आमच्या मते हे नुकसानच.

अलीकडे शहरांत लहान प्रमाणावर, हाताने केलेल्या पेयांची हौस वाढली आहे, आणि त्यांना गुण देण्याचीही. म्हणून मागच्या उन्हाळ्यात आम्ही सात जण, सगळे साठीच्या पुढचे, चार पेले मांडून बसलो. दोन रूट बिअर कोणाच्या तरी मुलाने हैदराबादेहून आणलेल्या. तिसऱ्या पेल्यात तेलंगणातले तयार नन्नारी सरबत सोड्यात घातलेले. चौथे घरचे: उपळसरी ठेचून रात्रभर गरम पाण्यात भिजवली, सकाळी गाळून साखरेचा पाक केला आणि वर सोडा. पेल्यांना नावे नव्हती, फक्त आकडे. फेस किती टिकतो, गोडी, सुगंध आणि घोटानंतर तोंडात काय उरते, असे चार रकाने. प्रत्येकाला दहा गुण.

पहिल्याच पेल्याला भांडण लागले. चौघांनी तोंड वाकडे केले. "हे गुडघ्याला लावायचं मलम आहे," एक जण म्हणाला. त्याचे म्हणणे रसायनशास्त्राला धरून होते. रूट बिअरमध्ये विंटरग्रीनचा वास असतो, मेथिल सॅलिसिलेट. आपल्याकडच्या दुखण्यावरच्या मलमांतही तेच. सासाफ्रासमधल्या सॅफ्रोलने उंदरांना यकृताचा कर्करोग होतो असे दिसले, आणि 1960 साली अमेरिकेने ते खाद्यपदार्थांतून बंद केले. तेव्हापासून तिथल्या पेयांत सॅफ्रोल काढलेला अर्क, नाही तर कृत्रिम वास असतो. ज्याचे बालपण त्या पेयाबरोबर गेले त्याला हा वास सुट्टीची आठवण देतो. आम्हाला तो आजीच्या खाटेची देतो. मग गुण कोणाचे खरे धरायचे?

ज्याची त्याची आवड, असे म्हणून विषय मिटवता येतो. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले, आम्हाला एवढ्या स्वस्तात सुटता येत नाही. सतराव्या शतकातला अन्नंभट्ट, आंध्र देशीचा मानला जातो, म्हणजे जवळजवळ शेजारीच. त्याच्या 'तर्कसंग्रहा'त रस सहा आणि गंध दोनच: सुवास आणि दुर्वास. रस जिभेचा विषय, गंध नाकाचा. आणि गंध हा फक्त पृथ्वीचा गुण, पाण्याचा नव्हे. गंधाला दोनच कप्पे, हे आम्हाला नेहमी तोकडे वाटत आले आहे. पण जीभ आणि नाक यांची फारकत मात्र अचूक आहे. घरी करून पाहा. नाक चिमटीत धरून उपळसरीचा घोट घ्या. उरते नुसते साखरपाणी, मागे जरासा कडवट-तुरटपणा. नाक सोडा, आणि व्हॅनिलासारखा तो वास एकदम भरून येतो. हा योगायोग नाही, उपळसरीतले मुख्य गंधद्रव्य व्हॅनिलिनचेच रासायनिक भावंड आहे. तेव्हा आमच्या पत्रकात 'चव' म्हणून जे गुण पडले, त्यातले बरेचसे नाकाचे होते, आणि नाकामागे आठवण बसलेली असते.

म्हणून सगळे निकाल सारखेच लंगडे का? डेव्हिड ह्यूमने 1757 च्या आपल्या निबंधात 'डॉन किहोते'मधली एक गोष्ट घेतली आहे. दोघे जाणकार एका पिंपातली वाइन चाखतात. एक म्हणतो, छान आहे, पण चामड्याचा वास येतो. दुसरा म्हणतो, लोखंडाचा. लोक हसतात. पिंप रिकामे होते तेव्हा तळाशी निघते चामड्याच्या वादीला बांधलेली जुनी किल्ली.

देवणीकरांना ही गोष्ट परकी वाटू नये. देवणी जातीचे जनावर घ्यायला आलेला जुना हेडी लांबूनच वानेरा, बाळंक्या आणि शेवरा वेगळे सांगतो, मग खूर बघतो, चाल बघतो. त्याच्या मताला 'ज्याची त्याची आवड' कोणी म्हणत नाही, कारण शेवटी बैल औताला जुंपावाच लागतो.

आमच्या त्या बैठकीत आठवा माणूस होता, मुळ्या आणून देणारा. माळावर खणून विकतो. त्याला आम्ही चाखायला बसवले ते, खरे सांगायचे तर, सौजन्य म्हणून. चौथ्या पेल्याला आमचे गुण पाचपासून नऊपर्यंत विखुरलेले. त्याने घोट घेतला, जरा थांबला आणि म्हणाला, "गाभा काढला न्हाई ह्याचा. लाकूड लागतंय." वास असतो सालीत, आतला काष्ठाचा दोरा ठेचून फेकायचा असतो. घरात विचारले, तर सगळी मुळी सरसकट भिजवली होती. गाळणीच्या फडक्यात पांढरट काड्या पडलेल्या होत्या. तीच आमची किल्ली.

तिसऱ्या पेल्याबद्दल तो म्हणाला, "वास हाय, मुळी न्हाई." त्याची शहानिशा करायला आमच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती. पण प्रश्न राहिलाच. शहरातल्या गुणपत्रकात फेसाला रकाना असतो, बाटलीच्या लेबलालाही असतो. मुळी खरी की नुसता वास, याला नसतो. मागणी मात्र वाढते. उपळसरी खणायची म्हणजे वेल मुळासकट जाते, आणि मुळी बोटाएवढी जाड व्हायला वर्षे लागतात. हा माणूस तुकडा मागे ठेवून खड्डा बुजवतो. किलोवर पैसे घेणारे सगळेच तसे करतील, याची खात्री तोही देत नाही. त्यातच उपळसरीच्या नावाखाली दुसऱ्याच वेलींच्या काळ्या मुळ्या बाजारात मिसळतात, हे वैद्यमंडळींना ठाऊक आहे.

आम्ही त्याला दहापैकी आकडा मागितला. तो म्हणाला, आकडा तुमचा तुम्ही घाला. तेव्हा त्याच्या ओळीत चौथ्या पेल्यापुढे आम्ही 'लाकूड' एवढेच लिहिले आणि पत्रकाला 'मुळी' हा पाचवा रकाना जोडला. त्यानेच दिलेले दोन तुकडे परसात लावले आहेत. वेल कुंपणाला लागली आहे. खणण्याजोगी व्हायला दोन-अडीच वर्षे लागतील. या वेळी गाभा काढायला तोच येणार आहे.